ताईच्या लग्नाच्या कॅसेट आणि अक्षतांचा चिखल

ताईच्या लग्नाच्या 11 मिनीडीव्ही कॅसेट आईच्या कपाटात, ठेवणीतल्या साड्यांखाली पडून होत्या. लग्न 2004 चं. हँडीकॅम बाबांचा आणि शूटिंग माझं, त्यामुळे चित्र हलतं अशी तक्रार करायला मला तोंड नाही.

आधी आळस केला आणि दोन कॅसेट दुकानात दिल्या. पेनड्राइव्हवर जे आलं ते धुरकट. विचारल्यावर कळलं, त्यांनी पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या वायरने रेकॉर्ड केलं होतं. म्हणजे कॅसेटवर मुळात डिजिटल असलेलं चित्र आधी अ‍ॅनालॉग केलं आणि मग पुन्हा डिजिटल. तेच फायरवायरच्या (कॅमेरा कॉम्प्युटरला थेट जोडणाऱ्या जुन्या डिजिटल जोडणीच्या) वायरने उतरवलं तर कॅसेटवरचा डेटा आहे तसा कॉम्प्युटरवर येतो. मावसभावाच्या जुन्या डेस्कटॉपमध्ये फायरवायर कार्ड निघालं, विनडीव्ही नावाचं इवलंसं सॉफ्टवेअर टाकलं आणि काम सुरू झालं. तासाच्या कॅसेटला तासच लागतो, घाई चालत नाही. एका तासाची फाइल साधारण 13 जीबी. सगळ्या मिळून 140 जीबीच्या वर.

एवढं कुणाला पाठवणार? म्हणून हँडब्रेक हे व्हिडिओ कन्व्हर्ट करणारं सॉफ्टवेअर घेतलं आणि एच.264 या व्हिडिओ दाबण्याच्या पद्धतीत फाइल लहान करायला बसलो. मला वाटत होतं, सगळा खेळ त्यातल्या क्वालिटीच्या आकड्याचा आहे (आकडा जितका लहान, तितका दर्जा चांगला). पहिली फाइल टीव्हीवर लावली. फुगडीचा प्रसंग आला तशी आई म्हणाली, "अरे, हातांना हे फणीचे दात कसले फुटलेत?"

तिची नजर बरोबर होती. आपल्याकडचे तेव्हाचे पाल (इथल्या टीव्हीच्या पद्धतीचे) हँडीकॅम सहसा सेकंदाला 25 पूर्ण चित्रं घेत नसत, 50 अर्धी घेत: एकदा सम ओळी, एकदा विषम. दोन्ही अर्धी एकत्र ठेवली की स्थिर वस्तू ठीक दिसते, पण मधल्या क्षणात हललेला हात दोन ठिकाणी येतो आणि कडेला फणी दिसते. मी डीइंटरलेस, म्हणजे ही अर्धी चित्रं नीट पूर्ण करणारी सोय, चालू केलं. फणी गेली, पण आता फुगडी अडखळत फिरायला लागली, कारण 50 क्षणांचे 25 झाले होते. हे नुकसान क्वालिटीचा आकडा कितीही चांगला ठेवला तरी भरून येत नाही. दोन रात्री गेल्यावर उपाय सापडला: डीइंटरलेसमध्ये 'बॉब' निवडायचं आणि फ्रेम रेट 50 ठेवायचा. प्रत्येक अर्ध्या चित्राची स्वतंत्र फ्रेम होते. फुगडी पुन्हा गरगर फिरली. माझ्या मते सगळ्यात मोठा फरक इथेच पडला, बाकी सगळं त्यानंतर.

मग आकड्याची पाळी. दर वेळी अख्खी कॅसेट कन्व्हर्ट करणं म्हणजे वेडेपणा, म्हणून सगळ्यात अवघड एक मिनिट शोधलं: मंगलाष्टकं संपतानाचं. डीव्हीमध्ये, म्हणजे कॅसेटवरच्या मूळ रूपात, प्रत्येक फ्रेम सुटी दाबलेली असते. एच.264 मात्र शेजारच्या फ्रेमशी ताडून मुख्यतः बदल तेवढे साठवतं. 'शुभमंगल सावधान' झालं की शेकडो दाणे एकदम हवेत, दर फ्रेमला नव्या जागी. बदलच बदल! आकडा 24 ठेवला तेव्हा अक्षतांचा चिखल झाला आणि अंतरपाटाचा पोत सपाट झाला. 20 ला दाणे सुटे दिसले, पण मागच्या पडद्यावर चौकटी उठत होत्या. 18 ला मला मूळ आणि नक्कल ओळखता येईना. 16 ला फाइल फुगली, डोळ्यांना फरक शून्य. 18 वर थांबलो, प्रीसेट 'स्लो', म्हणजे सावकाश पण नीट दाबणारा.

हा आकडा दर्जा पक्का करतो, फाइलचा नेमका आकार नाही. सकाळच्या उन्हातली हळद 2 जीबीत बसली, पण रात्रीचं रिसेप्शन जवळजवळ 4 जीबी झालं. अंधारात कॅमेऱ्याने उठवलेले रवाळ ठिपकेही फाइल दाबणारा एन्कोडर इमानेइतबारे साठवत होता. ते घालवायला डीनॉइझ लावून पाहिलं, तर ठिपक्यांबरोबर आजीच्या सुरकुत्याही गेल्या. आजी मेणाची दिसायला लागली. डीनॉइझ बंद केलं, 4 तर 4.

एक फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरने केली, तिथे वेगळीच गंमत. 720 बाय 576 चं चित्र तसंच दाखवलं, 4:3 मध्ये ताणलंच नाही, तर सगळी मंडळी किंचित बारीक दिसतात. आईला ही फाइल आवडली होती.

मूळ फाइली मी पुसल्या नाहीत. 140 जीबी आजच्या हार्डडिस्कला काहीच नाही, म्हणून दोन डिस्कवर दोन प्रती ठेवल्या. 18 ला नजरेला नुकसान दिसत नसलं तरी ते झालेलं असतंच. लहान केलेल्या प्रती नातेवाइकांसाठी.

फॅमिली ग्रुपवर अक्षतांचा तुकडा व्हिडिओ म्हणून टाकला, तर तो पाठवतानाच पुन्हा पिळला गेला आणि आत्याच्या मोबाइलवर परत चिखल. मग डॉक्युमेंट म्हणून पाठवला. तासाभराने इंदूरहून आत्याचा मेसेज: "अक्षता छान दिसतायत रे. पंगतीचं आहे का? त्या जिलब्यांचं?"

ती कॅसेट नंबर 7. अजून लहान करायची आहे.