दोन एक्सपल्स आणि कांडीवाला डॉक्टर

मे संपायला आला की आमच्या नाशिकच्या पेठ नाक्याकडच्या दुकानात टायरची गर्दी सुरू होते. निम्मी लोकं टायर घासला म्हणून येतात आणि निम्मी व्हिडिओ बघून येतात. व्हिडिओवालं गिऱ्हाईक लांबून ओळखू येतं, गाडी स्टँडला लावायच्या आधीच विचारतं, काका बटन टायर आहेत का? बटन टायर म्हणजे ते मोठ्या मोठ्या रबरी ठोकळ्यांचे, मधे बोटभर फटी असलेले, चिखलात चालणारे. दिसायला एकदम रांगडे, त्यामुळे फोटोत गाडी भारी दिसते हे खरं आहे, मी नाकारत नाही.

त्या दिवशी सकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं ते मात्र व्हिडिओवालं नव्हतं. हिरोची एक्सपल्स २०० मोटरसायकल, मागे कॅरियरला छोटा निळा कंटेनर दोरीनी उभा आवळून बांधलेला. मी लगेच ओळखलं, कांडीवाले डॉक्टर. म्हणजे गाई भरायला, कृत्रिम रेतन करायला येतात ते, गावाकडे त्यांना सगळे डॉक्टरच म्हणतात. कंटेनरमधे लिक्विड नायट्रोजन असतं, उणे १९६ डिग्री, त्यात रेताच्या कांड्या बुडवून ठेवलेल्या असतात. कंटेनर आडवा झाला आणि नायट्रोजन सांडून गेलं की कांड्या गेल्या कामातून. हे मला आधी अर्धवट माहीत होतं, बाकी त्यांनी चहा पिता पिता सांगितलं.

मागचा टायर बघितला तर मधला पट्टा पार गुळगुळीत, घासल्याची खूण असते ना खोबणीत, टीडब्ल्यूआय लिहिलेलं असतं बाजूला, तिथपर्यंत रबर आलेलं. पुढचा निम्मा शिल्लक. म्हणाले, "भाऊ, कंपनीचा होता तसाच टाक, जास्त खर्चात पाडू नको." मी विचारलं डॉक्टर रोजचा रस्ता कुठला? तर नाशिकहून पेठ रस्त्यानी सावळघाट उतरून पुढे आत वाड्या-पाड्यांवर. पन्नासेक किलोमीटर डांबर आणि मग शेवटचा तुकडा मुरूम, दगड, आणि पावसाळ्यात भातखाचराच्या बांधाला लागून नुसता राडा. तिथे ते काय करतात तर गाडी रस्त्यावर सोडतात आणि कंटेनर हातात घेऊन चालत जातात, पावसात.

"मग उशीर होत असेल ना?"

"होतो ना. गाय सकाळी माजावर दिसली तर संध्याकाळी भरायची, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी, असा हिशोब असतो आमचा. वेळ टळली की गाय गाभण राहत नाही, मग एकवीस दिवस थांबा. शेतकऱ्याचे तेवढे दिवस फुकट जातात, आणि शिव्या मला."

मी टायरचे भाव सांगतच होतो तेवढ्यात दुसरी एक्सपल्स आली. अगदी तीच गाडी, फक्त चकाचक, आणि पुढे-मागे बटन टायर. पोरगा तिशीतला, अंबडला एका कारखान्यात आहे, कामासाठी दर आठवड्याला भिवंडीला जातो गाडीवरच, आणि रविवारी हर्षेवाडीला हरिहरच्या पायथ्याला वगैरे. उतरल्या उतरल्या म्हणाला, "काका हे काढा आणि रोडवाले टाका, मी वैतागलोय."

आता मला सांगा, दुकानदाराला याहून गोड वाक्य कुठलं? पण मी आधी विचारलं, झालं काय. तर हायवेला नव्वदच्या पुढे गाडी नेली की हेल्मेटमधे घूं घूं आवाज, हँडल हलकं थरथरतं, आणि मागच्या आठवड्यात वळवाच्या पावसात कसारा घाटात ट्रकमागे ब्रेक मारला तर पुढचं चाक सरकलं. पडला नाही, पण घाबरला. त्याचं म्हणणं टायर डुप्लिकेट आहेत.

डुप्लिकेट वगैरे काही नव्हते, चांगल्या कंपनीचे होते. बटन टायरचं हे असंच असतं. डांबरावर टायर जितका जास्त टेकेल तितकी पकड, आणि बटनमधे निम्मी जागा फटींनी खाल्लेली, टेकणार काय? त्यात ठोकळे उंच, ब्रेक मारला की ठोकळा वाकतो मग रबर धरतं, तो जो वाकायचा वेळ आहे तिथेच तुम्हाला गाडी तरंगल्यासारखी वाटते. आणि ओल्या डांबरावर पाणी कापायला ठोकळ्यावर बारीक चिरा लागतात त्या यात कमी असतात, पांढऱ्या पट्ट्यावर तर विचारूच नका. हेच टायर चिखलात घाला, ठोकळा आत रुततो, चाक फिरताना फटीतला चिखल बाहेर फेकला जातो आणि पुढच्या फेरीला परत स्वच्छ ठोकळा जमिनीत. रोडवाल्या टायरची बारीक नक्षी चिखलानी भरली की भरली, मग त्याचा गोटा होतो. हां, पण आपल्या निफाड-दिंडोरीकडच्या काळ्या मातीला बटन पण पुरत नाही, ती असली चिकट की मडगार्डमधे गच्च बसून चाकच अडवते. आणि ओल्या काळ्या कातळावर बटन उलट जास्त घसरतं, तिथे नरम रबर आणि थोडी कमी हवा एवढाच उपाय.

आठवडाभर डांबर आणि रविवारी तेवढी माती, त्याला बटन म्हणजे लग्नाला गमबूट घालून जाणं. हे मी त्याला तोंडावर सांगितलं, तो हसला. म्हणाला दिसतात भारी ना काका.

हे सगळं चालू असताना डॉक्टर खाली बसून त्याच्या पुढच्या टायरचे ठोकळे अंगठ्यानी दाबून बघत होते. मग उठून सरळ विचारलं, "दादा, हे काढल्यावर तुम्ही काय करणार याचं?"

दोन्ही गाड्यांची साईज एकच. पुढे ९०/९०-२१, मागे १२०/८०-१८. मी सहसा एकाचा उतरलेला टायर दुसऱ्याला चढवत नाही, आत काय दडलंय कोणाला माहीत, उद्या घाटात काही झालं तर नाव आपलं. म्हणून म्हटलं आधी खोलतो, बघतो, मग बोला. दोन्ही चाकं उतरवली. बाजूचा चार आकडी शिक्का बघितला, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, वर्षभराच्या आतले निघाले. लोड नंबर बघितला, पुढे ५४ म्हणजे २१२ किलो, मागे ६२ म्हणजे २६५ किलो, कंटेनर, डॉक्टर आणि त्यांची बॅग धरून भरपूर. दोन्ही साधे बायस, म्हणजे आतले धागे तिरके एकमेकांवर घातलेले, रेडियलसारखे आडवे सरळ नाहीत, त्यामुळे जोडी जमत होती. बीडला, म्हणजे रिममधे बसते त्या काठाला, चीर नाही. मग आतून हात फिरवला, हे काम मी दुकानातल्या पोराला देत नाही, आणि मागच्या टायरमधे बाभळीचा काटा लागला बोटाला, आरपार, टोक आत जेमतेम आलेलं. ट्यूबला अजून भोक नव्हतं पडलं पण पडलंच असतं. पकडीनी काढला, आतून पॅच बसवला.

मग भाव. पोरगा पाच हजार म्हणाला, डॉक्टर तीन. मी मधे पडलो नाही, चहा सांगितला. साडेतीनला तुटलं. पोराला मी नवीन ८०-२० ची जोडी दिली, म्हणजे जास्त डांबर थोडी माती, हर्षेवाडीचा कच्चा रस्ता त्यावर आरामात होतो. तो म्हणत होता मागे जरा रुंद टाका, १४० चा. नाही म्हटलं. रिम तेवढीच आहे, रुंद टायर त्यात आवळला जातो, माथा गोल होतो, टेकायला उलट कमी मिळतं, वर चेनला घासायची भीती. डॉक्टरांचा निम्मा राहिलेला पुढचा टायर तो फुकट मागत होता स्पेअर म्हणून, तो पण दिला नाही, तो डॉक्टरांचा आहे.

माझा भाऊ गल्ल्यावर बसलेला, त्याचं तोंड वाकडं. म्हणे डॉक्टरला नवीन जोडी विकता आली असती. आली असती. पण ते नवीन घेणार होते तो कंपनीसारखाच आणि फक्त मागचा, म्हणजे पावसाळाभर परत चालतच जाणार होते.

डॉक्टरांच्या गाडीला दोन्ही ट्यूब नव्या जाड टाकल्या, पावडर मारली, बाणाची दिशा बघून बसवले. त्यांना एवढंच सांगितलं की डांबरावर मॅन्युअलची हवा, राड्यात शिरायच्या आधी १८-२० पीएसआयपर्यंत सोडा, त्याच्या खाली नाही, कारण ट्यूब आहे, दगडावर आपटली की रिममधे चिमटते. आणि बाहेर आलं की परत भरायची, पायपंप जवळ ठेवा. घाटात ओल्या रस्त्यावर ब्रेक लवकर धरा, त्या पोराचं ऐकलंत ना. शेवटचा नट आवळतोय तर त्यांचा फोन वाजला, कोहोरकडची गाय सकाळपासून हंबरतेय म्हणे, म्हणजे माजावर आलेली. पैसे टेकवले आणि निघाले, चहा अर्धाच.

डॉक्टर परत आले ते दिवाळीच्या आधी. पाड्यापर्यंत गाडी जाते आता, कंटेनर हातात धरून चालायचं बंद झालंय. मागचं बटन मात्र डांबरानी मधोमध खाल्लं होतं, तसं होणारच, इंजिनाची ताकद मागच्या चाकावर आणि ठोकळे नरम. पुढचा चांगला होता. त्यांना वाटलं परत दोन्ही बदलायचे. मी पुढचा तसाच ठेवला, कारण चिखलात गाडीला दिशा पुढचं चाक देतं, ते निसटलं की माणूस खाली, मागचं घसरलं तर पाय टेकवून सावरता येतं. मागे ७०-३० वाला टाकला, बायसच. ह्या वेळेला नवीन, पूर्ण पैसे देऊन, त्यामुळे भाऊ पण खूश.