गेलेल्या माणसाची कामं

माणूस गेला म्हणून घर लगेच अडत नाही. अडायला थोडे दिवस जावे लागतात. दोन-तीन महिन्यांनी भिंतीवरचं घड्याळ बंद पडतं आणि तेव्हा कुठे लक्षात येतं, की यातला सेल वेळच्या वेळी बदलणारं कोणीतरी होतं. मग नळ टिपकायला लागतो, विम्याचा हप्ता चुकतो, रात्री दाराला कडी लावून ती एकदा ओढून पाहणारा हात नसतो आणि एक दिवस दार रात्रभर नुसतं लोटलेलंच राहतं. गेलेलं माणूस काय काय करत होतं, याची यादी ते असताना कोणीच केलेली नसते. ज्याचं त्यालाही ती सांगता आली नसती.

दुःखाविषयी बोलताना आपण आठवणींविषयी बोलतो. कामांविषयी बोलणं जरा हलकं वाटतं, जणू एवढ्या मोठ्या गोष्टीपुढे नळाचं काय घेऊन बसलात! पण घर सावरतं ते पुष्कळदा या कामांच्याच वाटेनं, असं माझं स्पष्ट मत आहे. रडून मोकळं व्हायला हवं हे खरंच, पण रडून झाल्यावर उठून करायला काहीतरी लागतं आणि ते आपसूक समोर येऊन उभं राहिलेलं असतं.

याला अभ्यासाचाही आधार आहे. दुःखाचे पाच टप्पे सगळ्यांना तोंडपाठ असतात: नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी ते १९६९ मध्ये मांडले, पण मुळात मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांसाठी नव्हे. त्यामुळे ‘माझा रागाचा टप्पा अजून आलाच नाही’ म्हणून कोणी काळजी करत बसायचं कारण नाही. मागे राहिलेल्यांबद्दल जास्त नेमकं बोलले ते नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट, १९९९ मध्ये. त्यांचं म्हणणं असं, की दुःखातलं माणूस दोन बाजूंमध्ये ये-जा करत असतं. एका बाजूला गेलेल्याची ओढ, रडणं, फोटो, जुनी पत्रं. दुसऱ्या बाजूला बदललेलं आयुष्य: बँक, नवी जबाबदारी, पूर्वी कधी न केलेली कामं. बरं होणं या ये-जा करण्यात आहे, कुठल्याही एका बाजूला ठाण मांडून बसण्यात नाही. सकाळी ओक्साबोक्शी रडलेली बाई दुपारी पंख्याच्या दुरुस्तीवरून कारागिराशी घासाघीस करते, तेव्हा ती दुःख विसरलेली नसते. ती नुसती पलीकडे गेलेली असते, संध्याकाळी परत येईल.

तर, कामाचं. एक साधी वही घ्यावी आणि ती सगळ्यांच्या हाताला लागेल अशा जागी ठेवावी. ज्याला ज्या दिवशी ठेच लागेल, त्यानं ते तिथे लिहावं: ‘गॅसची नोंदणी कुणाच्या नावावर?’, ‘पाणी बंद करायचा मुख्य कॉक कुठे आहे?’, ‘मधल्या खोलीच्या कपाटाची किल्ली?’ कोणी करायचं ते लगेच लिहू नये. एकाच बैठकीत सगळं वाटून टाकायला बसलं, की दोन गोष्टी होतात. निम्मी कामं आठवतच नाहीत, आणि आठवलेली सगळी घरातल्या सर्वांत समंजस माणसाच्या गळ्यात पडतात. आठवडाभर यादी वाढू द्यावी आणि मग वाटणी करावी. मुदतीची कामं तेवढी आधी बाजूला काढावीत: हप्ते, बिलं, बँकेतली वारसनोंद, आपोआप पैसे कापून घेणारी सदस्यत्वं. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती एकदमच आठ-दहा काढून ठेवाव्यात. प्रत्येक कार्यालय एक मागतं, आणि दर वेळी त्याच रांगेत उभं राहणं म्हणजे तीच बातमी पुन्हा पुन्हा ऐकणं.

एक चूक बऱ्याच घरांत होते. गेलेल्या माणसाचा मोबाइल नंबर घाईनं बंद केला जातो. खर्च वाचतो, पण बँकेचा, ईमेलचा, विम्याचा ओटीपी त्याच नंबरवर येत असतो आणि सगळी दारं एकदम बंद होतात. सगळ्या खात्यांची व्यवस्था लागेपर्यंत तो चालू ठेवावा. बंद केल्यावर तोच नंबर काही काळानं दुसऱ्या कुणाला दिला जातो, हेही माहीत असावं. त्या नंबरवर रात्री-बेरात्री मनातलं लिहून पाठवायची सवय लागली असेल, तर ते एखाद्या अनोळखी माणसाला मिळू शकतं. आवाजातले निरोप मात्र आजच दोन ठिकाणी उतरवून ठेवावेत. ते फोनमध्ये असतात आणि फोन बदलताना हमखास तेच राहून जातात.

वाटणी झाली तरी भांडणं सुटत नाहीत, कारण नवा माणूस जुनं काम नव्या पद्धतीनं करतो. टॉवेलची घडी वेगळी पडते. ‘ती असं नव्हती करत’ हे वाक्य दुःखातल्या घरात जितकं बोचतं तितकं क्वचितच दुसरं काही बोचत असेल. बोलणाऱ्याला घडीचं काही नसतं. तरीही ऐकणाऱ्यानं काम सोडून दिलेलं असतं. अशा वेळी एक नियम मला पटतो: ज्याच्याकडे काम, त्याचीच पद्धत. पटत नसेल तर काम स्वतःकडे घ्यावं. टीका करणाऱ्यांची संख्या या नियमानं आश्चर्यकारक कमी होते.

दुसरं भांडण जरा खोलवरचं असतं. एक जण सारखा रडतो, दुसरा एक थेंब न गाळता माळा साफ करतो. रडणाऱ्याला वाटतं, याला काहीच वाटत नाही. माळ्यावरच्याला वाटतं, यानं स्वतःला सोडूनच दिलंय. टेरी मार्टिन आणि केनेथ डोका या अभ्यासकांनी दाखवून दिलं, की काहींचं दुःख भावनांतून वाहतं आणि काहींचं हातांतून, कृतीतून. बहुतेकांत दोन्हींची थोडीफार सरमिसळ असते. माळा साफ करणारा माणूस शोकच करतोय. फक्त त्याच्या डोक्यावर जळमटं आहेत म्हणून तो ओळखू येत नाही.

स्वयंपाकघरातलं काम सर्वांत चिवट. चार माणसांचं करायची सवय असलेला हात तिघांचं करायला तयार होत नाही. रोज एकाचं उरतं आणि ते उरलेलं बघून रोज नव्यानं तोच घाव बसतो. मनाला समजावून इथे उपयोग नाही, कारण अंदाज बराचसा भांड्याचा असतो. रोजचं पातेलं जिथवर भरतं तिथवर हात घालत राहतो. पातेलं बदलावं. एक माप लहान भांडं घेतलं, की दोन-चार दिवसांत प्रमाण जमतं. जेवायला बसायच्या जागांचंही तसंच. रिकामी जागा तशीच ठेवली तर नजर तिथेच जाते, आणि कोणी एकानं तिथे बसायचं म्हटलं तर त्याच्यावर ओझं येतं. त्यापेक्षा सगळ्यांनीच आपापली जागा बदलावी.

झाडांची गंमत वेगळीच. गेलेल्या माणसानं लावलेलं झाड घरातल्या तिघांनाही जीव की प्राण होतं आणि तिघंही एकमेकांना न सांगता त्याला पाणी घालतात. मातीतली हवा जाते, मुळं कुजायला लागतात, पानं पिवळी पडतात. पानं पिवळी पडली म्हणून प्रत्येक जण आणखी एक तांब्या घालतो. बोट दोन पेरं मातीत घालून ओल लागली तर पाणी घालू नये, आणि पाणी घालणारा एकच असावा. मायेनं मारलेली झाडं मला तरी दुर्लक्षानं मेलेल्यांपेक्षा जास्त दिसली आहेत.

कपाट मात्र घाईनं उघडू नये. घरचं कोणी नसताना एखाद्या हितचिंतक नातेवाइकानं ते ‘आवरून टाकणं’ तर मुळीच नको. त्याचा हेतू चांगला असतो, पण त्या आवरण्याचा राग घरच्यांच्या मनातून वर्षानुवर्षं जात नाही. जेव्हा कराल तेव्हा दोघांनी बसावं, तास-दीड तासाच्या वर बसू नये. ठेवायचे, द्यायचे आणि टाकायचे असे ढीग करावेत, आणि ‘अजून ठरत नाही’ असं एक खोकं असावं. त्यावर तारीख घालून ते चिकटवून टाकावं आणि सहा महिन्यांनी उघडावं. तेव्हा त्यातलं बरंचसं आपोआप ठरलेलं असतं. कपडे देण्याआधी प्रत्येक खिसा तपासावा. चिठ्ठ्या, किल्ल्या, घडी घातलेल्या नोटा निघतात. आणि सगळेच कपडे धुऊ नयेत. एखादा न धुतलेला कपडा हवाबंद पिशवीत ठेवावा. वास म्हणजे उडून जाणारे कण. पिशवी जितक्या वेळा उघडाल तितका तो विरळ होत जाईल. वासाचा संदेश मेंदूतल्या भावना आणि स्मृतीच्या भागांपर्यंत फार जवळच्या वाटेनं पोचतो, म्हणून एका सदऱ्यानं जे होतं ते अख्ख्या अल्बमनं होत नाही.

उशाशी राहिलेली औषधं हा मात्र वाट बघण्याचा विषय नाही. झोपेच्या आणि तीव्र वेदनाशामक गोळ्या पहिल्याच आठवड्यात घराबाहेर जायला हव्यात. औषधांच्या दुकानात विचारून त्यांची रीतसर विल्हेवाट लावावी. दुःखातल्या घरात, रात्री दोन वाजता, त्या हाताशी नसलेल्या बऱ्या.

सगळ्यात जास्त काळजी करावी ती घरातल्या खंबीर माणसाची. तोच कागदपत्रं बघतो, पाहुण्यांना सांभाळतो, धाकट्यांना धीर देतो. सगळे म्हणतात, हा होता म्हणून निभावलं. मग बाकीचे हळूहळू उभे राहतात आणि नेमका तेव्हा हा कोसळतो. त्याला कामाच्या बाजूवरून पलीकडे जायला सवडच मिळालेली नसते. आठवड्यातला एक दिवस त्याच्याकडून सगळी कामं काढून घ्यावीत. दुसऱ्यानं ती वाईट केली तरी चालतील. आणि त्याच्या किंवा कुणाच्याही छातीत दुखलं, धाप लागली, तर ‘मनाला लावून घेतलंय’ म्हणून सोडून देऊ नये. तीव्र धक्क्यानं हृदयाचा डावा कप्पा तात्पुरता फुगून कमजोर होतो, असा ताकोत्सुबो नावाचा विकार आहे. जपानमधल्या डॉक्टरांनी त्याचं वर्णन १९९० मध्ये केलं. पाळी गेलेल्या स्त्रियांत तो जास्त दिसतो आणि बहुतेक जण काही आठवड्यांत बरे होतात. पण तो विकार आहे की खरा हृदयविकाराचा झटका, हे घरी बसून कळत नाही. थेट रुग्णालयात जावं.

मुलांना काम द्यावं, पद देऊ नये. ‘आता तूच घरातला मोठा’ हे दहा वर्षांच्या मुलाला सांगणं म्हणजे त्याचा बाप गेला त्याच दिवशी त्याचं बालपणही काढून घेणं. त्याला घड्याळाचा सेल बदलू द्यावा, तेवढं पुरे. पाच-सहा वर्षांखालच्या मुलाला मरण कायमचं असतं हे कळत नाही. ‘ते झोपलेत’ म्हटलं तर ते झोपायला घाबरतं, ‘गावाला गेलेत’ म्हटलं तर दाराशी वाट बघतं. ‘त्यांचं शरीर चालायचं थांबलं, ते परत येणार नाहीत’ एवढ्या साध्या शब्दांत सांगावं आणि ते पुन्हा विचारेल तेव्हा पुन्हा तेच शब्द वापरावेत. मनातले दोन प्रश्न मूल सहसा बोलून दाखवत नाही: माझ्यामुळे झालं का, आणि आता माझं कोण बघणार? त्यांची उत्तरं न विचारता द्यावीत. ते दहा मिनिटं रडून खेळायला पळालं तर त्याला दगड म्हणू नये. स्ट्रोबे आणि शूट यांची ती ये-जा त्याला उपजतच येते.

येणाऱ्या-जाणाऱ्यांविषयी थोडंसंच. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणणाऱ्याला वहीतली एक ओळ द्यावी. त्यालाही तेच हवं असतं. पहिल्या पंधरवड्यात माणसं मावत नाहीत आणि तिसऱ्या महिन्यात कोणी फिरकत नाही. मदत करायची असेल तर तेव्हा जावं.

या सगळ्यानं न भागणारं दुःखही असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात लांबलेल्या शोकाची वेगळी नोंद आहे: सहा महिने उलटूनही ओढ तितकीच तीव्र, रोजची, आणि जगणं ठप्प. अमेरिकी मनोविकार संघटनेनं मोठ्यांसाठी ही मर्यादा बारा महिने धरली आहे. वर्षश्राद्धाला किंवा वाढदिवसाला रडू येणं म्हणजे हा आजार नव्हे. पण वर्षभरानंतरही रोज उठवत नसेल तर त्यावर खास उपचार आहेत, ते घ्यावेत. आणि जगणंच नको असं वाटायला लागलं तर कुठल्याच मुदतीची वाट न बघता, त्याच दिवशी.

वहीतली काही कामं मात्र खोडून टाकावीत, आणि त्यातलं पहिलं म्हणजे मध्यस्थी. पुष्कळ घरांत एक माणूस टेलिफोन एक्सचेंज असतं. ‘बाबांना सांग’, ‘त्याला विचार’, ‘तिची समजूत काढ’, सगळे निरोप त्याच्यामार्फत. ते गेलं की कळतं, बाप आणि मुलगा कित्येक वर्षं एकमेकांशी थेट बोललेलेच नाहीत. हे काम बहुधा गुपचूप मुलीकडे किंवा सुनेकडे सरकवलं जातं. तिनं ते घेऊ नये. दोघांना बोलू द्यावं, भले कितीही अवघडलेलं असो. सुरुवातीचे फोन दोन मिनिटांत संपतात, कारण विषय नसतो. म्हणून ‘कसे आहात’ असं मोघम विचारण्यापेक्षा वहीतलं एखादं काम घेऊन फोन करावा. बिल भरलं का, किल्ली सापडली का, नळवाला येऊन गेला का? आणि नळ अजून टिपकत असेल तर उलट बरंच. उद्या पुन्हा फोन करता येतो.