साखर निळी राहिली, गूळ विटकरी झाला : माझा बी.एस्सी.चा अनुभव

पहिल्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपली आणि बायोकेमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला बेनेडिक्ट टेस्ट आली, म्हणजे तांब्याच्या निळ्या द्रावणाने ठरावीक शर्करा ओळखायची चाचणी. ग्लुकोजची नळी उकळत्या पाण्यात धरली की निळा रंग हिरवट होतो, मग पिवळा, मग विटकरी. साखरेच्या नळीत काहीच झालं नाही, निळी ती निळीच. जर्नलमध्ये 'सुक्रोज : निगेटिव्ह' लिहून आम्ही मोकळे होणार होतो. माझ्या डब्यात घरचा गूळ होता. मॅडमना विचारून त्यातला खडा पाण्यात विरघळवला आणि तिसरी नळी लावली. काही मिनिटांत तळाला विटकरी साका बसला.

साखर उसाची आणि गूळही उसाचाच. मग हा फरक कुठून आला?

माझे आबा गुळव्या आहेत, म्हणजे काहिलीत, मोठ्या कढईत, रस आटवून गूळ करणारे. करवीर तालुक्यातल्या आमच्या गावात काहिलीपाशी उभं राहून त्यांनी उभं आयुष्य काढलं. पाक तयार झाला की नाही हे ते थंड पाण्यात थोडा पाक सोडून, त्याची गोळी बोटांत दाबून ओळखतात. लहानपणापासून ऐकत आले होते, की तोडून पडलेल्या उसाचा गूळ नीट बसत नाही, चिकट होतो. त्यामागचं कारण मॅडमनी त्या दिवशी फळ्यावर काढून दाखवलं. सुक्रोजमध्ये ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे जोडलेले असतात, की क्षपण करणारी, म्हणजे दुसऱ्याला इलेक्ट्रॉन देणारी, दोघांची टोकं त्या जोडातच अडकतात. उसाचा रस मुळात आम्लधर्मी. तो तापला की काही सुक्रोज फुटतं, टोकं मोकळी होतात आणि तांब्याच्या निळ्या आयनांचा विटकरी ऑक्साइड करतात. शिळ्या उसात हे फुटणं काहिलीत जायच्या आधीच सुरू झालेलं असतं, म्हणून त्याचा गूळ चिकट होतो. रसात चुना घालतात तो मळी वर यावी म्हणून, तसाच हे आम्ल मारावं म्हणूनही.

मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. ऑक्सिडीकरण, क्षपण हे शब्द पाठ होते, पण 'रिड्युसिंग शुगर' म्हटलं की तेच क्षपण आहे हे डोक्यात पेटत नव्हतं. त्या दिवशी पेटलं.

पण एका दिवसाने सगळं सुधारत नाही. दुसऱ्या सेमिस्टरला ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा पेपर राहिला. वर्गात नोट्स सांगून लिहून घेतल्या जायच्या, मी त्या शब्दन् शब्द पाठ केल्या होत्या. प्रश्न जरासा फिरवून आला आणि हात थांबला. सुट्टीत निकालाचा कागद आबांना दाखवताना फार वाईट वाटलं. ते एवढंच म्हणाले, "पाक बिघडला तर दुसरी काहील लावायची. त्यात काय एवढं?"

पुन्हा अभ्यासाला बसले तेव्हा रिअॅक्शनची नावं बाजूला ठेवली. प्रत्येक रिअॅक्शनमध्ये इलेक्ट्रॉन जास्त कुठे आहेत, कमी कुठे आहेत एवढंच शोधायचं आणि ते कुठून कुठे जातात त्याचा बाण स्वतःच्या हाताने काढायचा, पुस्तक मिटून. पहिला महिना रडकुंडीला आणणारा होता. नंतर मात्र न वाचलेली रिअॅक्शनही अंदाजाने पुढे नेता यायला लागली. विषय राहिलेल्या कुणालाही मी हेच सांगते : वाचू नका, काढा.

ग्लायकोलिसिसच्या, म्हणजे पेशीत ग्लुकोज फोडून ऊर्जा काढण्याच्या, दहा पायऱ्याही अशाच सुटल्या. आधी फक्त कार्बन मोजले. सहा कार्बनचं ग्लुकोज, शेवटी तीन-तीन कार्बनची दोन पायरुव्हेट. मग एटीपीचा, म्हणजे पेशी ऊर्जेसाठी वापरते त्या रेणूचा, हिशोब : दोन खर्च, चार जमा, हातात दोन. मग पहिल्याच पायरीला फॉस्फेट कशासाठी चिकटवायचा, हा प्रश्न. त्याच्यावर विद्युतभार असतो, त्यामुळे ग्लुकोज पेशीतून सहज बाहेर पडू शकत नाही. एकदा हे कळलं की ती पायरी विसरावी म्हटलं तरी विसरत नाही.

प्रॅक्टिकलमधला एक क्षण मला अजून जसाच्या तसा दिसतो. ऑक्झॅलिक आम्ल गरम करून ब्युरेटमधून, खुणा असलेल्या तोटीच्या नळीतून, पोटॅशियम परमँगनेट सोडायचं. पहिला जांभळा थेंब पडतो आणि तसाच रेंगाळतो. आपलं काहीतरी चुकलं असं वाटतं. थांबलं की तो विरतो, दुसरा लवकर विरतो आणि पुढचे तर पडताक्षणी. पहिल्या थेंबातून जे मँगनीज आयन तयार होतात तेच पुढच्या रिअॅक्शनला वेग देतात. तिथे मी एकदा गंधकाम्लाऐवजी हायड्रोक्लोरिकची बाटली उचलली होती. परमँगनेट क्लोराइडवरही खर्च झालं आणि रीडिंग वाढून आलं. त्यानंतर बाटलीचं लेबल दोनदा वाचायची सवय लागली.

दुसऱ्या वर्षी एन्झाइम आले, म्हणजे पेशीतल्या रिअॅक्शनला वेग देणारी प्रथिनं. स्टार्चमध्ये लाळ घालून दर मिनिटाला आयोडीनचा थेंब टाकायचा : काळानिळा, जांभळट, तांबूस, मग रंगच नाही. उकळलेली लाळ घातलेली नळी शेवटपर्यंत काळीनिळीच राहिली, कारण उकळल्यावर लाळेतलं एन्झाइम निकामी होतं. त्याच आठवड्यात बुकनर या जर्मन शास्त्रज्ञाबद्दल शिकलो. 1897 साली त्यांनी यीस्ट वाटून रस काढला आणि तो टिकावा म्हणून त्यात साखर घातली, तर रसातून बुडबुडे यायला लागले. जिवंत पेशी नसतानाही साखर आंबत होती. हे ऐकताना गुऱ्हाळावर शिळ्या रसावर चढणारा फेस डोळ्यांपुढे आला.

म्हणून तिसऱ्या वर्षी प्रोजेक्टला मी गूळच घेतला. आबांकडून दोन नमुने आणले, एक ताज्या उसाचा, एक चार दिवस पडलेल्या उसाचा. दोन्हींची पाच टक्के द्रावणं केली आणि फेलिंगच्या द्रावणाबरोबर टायट्रेशन केलं. तेही तांब्याचं निळं द्रावण; त्यात गुळाचं द्रावण थेंबाथेंबाने सोडायचं आणि मिथिलिन ब्लू या सूचक रंगाचा निळेपणा गेला की थांबायचं. फ्लास्क सतत उकळता ठेवावा लागतो, नाहीतर हवा लागून मिथिलिन ब्लूचा गेलेला निळा रंग परत येतो. ताज्या उसाच्या गुळाचं द्रावण 12.4 मिली लागलं, शिळ्याचं 7.3. कमी द्रावणात काम झालं, म्हणजे त्यात मोकळी शर्करा जास्त. तीन वेळा केलं, आकडे जवळपास तेच आले.

रविवारी घरी वही उघडून आबांना दाखवली. त्यांनी आकड्यांवरून बोट फिरवलं, मग शिळ्या नमुन्याचा खडा मोडून बोटांत चोळला.

"चिकाट हाय ह्यो. ह्ये मला म्हाईतच हुतं," ते म्हणाले. जरा थांबून विचारलं, "पर चुना किती घालायचा, ते बी तुझ्या नळीत दिसंल का?"

पुढच्या रविवारी आम्लता दाखवणाऱ्या पीएच पेपरची पुडी घेऊन मी गुऱ्हाळावर गेले. आबांनी चुना घालायच्या आधी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि रसाचं भांडं माझ्यापुढे धरलं.