साखरेच्या डब्यावरची टोपी

ग्वाल्हेर, 6 जानेवारी

आज पुन्हा टेप लावली. विणलेल्या टोपीचा घेर 37 सेंटीमीटर. हवा होता 42. रिब, म्हणजे कडेचा ताणला जाणारा पट्टा, बरोबर आहे, वरचा साधा भागही बरोबर. मधला काळा-पांढरा नक्षीचा पट्टा तेवढा नाडी आवळल्यासारखा आत ओढला गेलाय. चांदण्यांच्या जागी चुण्या. भाचीच्या मुलाच्या बोरन्हाणाला काळ्या झबल्यावर टोपी माझी, असं मीच सगळ्यांना सांगून बसले होते.

आत्याला दाखवली. तिनं सुलट बाजू पाहिलीच नाही, आधी टोपी उलटी केली. "मागचे धागे बघ. सरोदाच्या तारा झाल्यात. ओढतेस कशाला एवढं, बैल आहे का तो?"

(सरोद म्हणाली, कारण ग्वाल्हेर. दुसरीकडची असती तर दोरी म्हणाली असती.)

मग शेजारी बसवून चूक दाखवली. दोन चांदण्यांच्या मध्ये 7 टाके काळे आहेत. तेवढा वेळ पांढरा धागा मागून जातो आणि मग पुढचा टाका घालतो. त्या वेळी सुईवरचे 7 टाके एकमेकांना चिकटून, गर्दी करून बसलेले असतात. मी धागा त्या गर्दीच्या मापानं घेते. टाके सुईवरून उतरले की त्यांना पसरायला जागा लागते, पण मागचा धागा सोडतच नाही. आत्याचा उपाय साधा: रंग बदलायच्या आधी उजव्या सुईवरचे टाके अंगठ्यानं मागे सारून पसरवायचे, मगच नवा रंग घ्यायचा. शिवाय 5 टाक्यांहून लांब उडी असेल तर मधेच धागा एकदा अडकवायचा, पण दर ओळीत त्याच जागी नाही. नाहीतर काळ्यातून पांढरं डोकावतं.

7 जानेवारी

उसवायचा जीव होईना. म्हटलं पाणी काय करतं ते पाहू. कोमट पाण्यात 20 मिनिटं भिजवली. पाणी राखाडी झालं, काळा रंग सुटतोय! पांढऱ्यावर चढायच्या आत उचलली, थंड पाण्यात काढली, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबली. मग घरातले डबे मोजत सुटले. साखरेचा स्टीलचा डबा बरोबर 42 भरला. शेटलंडमध्ये स्वेटर धुतला की लाकडी चौकटीवर ताणून वाळवतात म्हणे. आमच्याकडे साखरेचा डबा.

9 जानेवारी

दोन दिवस धुकं, ऊन नाही. आज वाळली. काढल्यावर 39. लहानमोठे टाके छान एकसारखे झालेत, लोकर जरा फुललीय, पण चुण्या जिथल्या तिथे. पाण्यानं टाक्यांची समजूत निघते, आखूड पडलेला धागा लांब होत नाही.

आणि नीट पाहिल्यावर दुसरंच सापडलं. सहाव्या ओळीपासून चांदण्या फिक्या. आठवलं, तिथे चहाला उठले होते. परत बसल्यावर धागे उलटे धरले असणार. दोन रंगांत जो धागा खालून येतो त्याचा टाका किंचित मोठा पडतो आणि तोच रंग उठून दिसतो. नक्षीचा पांढरा आधी खाली होता, चहानंतर वर गेला. उलट बाजूनं विणायच्या ओळीतही तोच खाली ठेवायला हवा.

संध्याकाळी पट्ट्यासकट वरचं सगळं उसवलं. आत्या म्हणाली, "शाबास." उसवण्याचं कौतुक मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं.

10 जानेवारी

पट्ट्यासाठी सुई बदलली, 9 नंबरऐवजी 8. (नंबर कमी तशी सुई जाड, हा उलटा हिशेब नव्या माणसाला समजावताना नाकी नऊ येतात.) काळी लोकर नवी आणली. ओल्या पांढऱ्या रुमालावर घासून पाहिली, रंग नाही सुटला. धाग्याचं टोक जाळूनही पाहिलं: केस जळल्याचा वास, बोटात चुरा होणारी राख. म्हणजे खरी लोकर. गेल्या वर्षी एका दुकानदारानं "प्योर वूल है, भाभीजी" म्हणून ॲक्रिलिक गळ्यात मारलं होतं. त्या मफलरवर मी इस्त्री टेकवली आणि तो जो लोळागोळा झाला तो झालाच. ॲक्रिलिकला वाफ द्यायची तरी इस्त्री वर धरून, दुरूनच.

12 जानेवारी

पट्टा झाला. उलटा करून पाहिला, मागचे धागे जरा सैलच दिसतात, झोपाळ्याच्या दोरीसारखे. मला लोंबल्यासारखे वाटले, आत्या म्हणते असू दे, पाण्यात बसतील. न भिजवताच घेर साडे-एक्केचाळीस. टोपी आता डब्यावर चढलीय आणि डबा खिडकीशी. धुकं आजही आहे. साखर कढईत काढून वर ताट झाकलंय, आणि आत्या दोनदा विचारून गेली की चहा आज गुळाचा का.