तुम्ही विचारलंत म्हणून : खात्री नसताना फॉर्म कसा भरता?

पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या औषधविभागात मी बरीच वर्षे फार्मासिस्ट म्हणून काम करतो. औषधांच्या रिॲक्शनच्या नोंदी मी पाठवतो हे कळले, की रुग्णांच्या नातेवाइकांपासून नव्या निवासी डॉक्टरांपर्यंत अनेक जण हाच प्रश्न विचारतात. ‘तेही तुम्ही डॉक्टर नसताना’ हे पुष्कळदा न बोलताच ऐकू येते.

उत्तर फॉर्मच्या नावातच आहे. ती ‘संशयित’ प्रतिकूल परिणामांची नोंद असते. रुग्णाची आद्याक्षरे, वय, काय त्रास झाला व केव्हा, कोणत्या औषधाचा संशय आहे आणि कळवणारा कोण, एवढे असले तरी फॉर्म स्वीकारला जातो. औषधाचा त्या त्रासाशी संबंध किती, हे तोलण्याचे काम पुढे होते. आणि २०११ पासून गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे असलेल्या देशव्यापी यंत्रणेतून या नोंदी स्वीडनमधल्या उप्सालाच्या जागतिक संग्रहापर्यंत जातात. नोंद पाठवणे म्हणजे कुणाची चूक कबूल करणे नव्हे, असे फॉर्मवरच छापलेले आहे. तरीही ‘माझ्यावर येईल’ ही भीती काही जात नाही.

फार्मासिस्टनेच का? कारण काही गोष्टी आमच्याच खिडकीवर दिसतात. एखाद्या वॉर्डातून अवेळी एव्हिल आणि हायड्रोकॉर्टिझोन या ॲलर्जीवरच्या औषधांची मागणी आली, की तिथे कुणाला तरी काही सोसलेले नाही हे केस पेपर न पाहताही कळते. अर्धी वापरलेली स्ट्रिप परत येते, तेव्हा ‘गोळी गरम पडली’ एवढेच सांगितले जाते. त्या गरम पडण्यात अंगावर उठलेले चट्टेही असू शकतात. शिवाय बॅच नंबर आमच्याकडेच असतो.

खात्रीची वाट पाहिली तर काय निसटते, याचे उदाहरण मेफेनामिक ॲसिडचे आहे. पाळीच्या दुखण्यावर सर्रास घेतल्या जाणाऱ्या या औषधामुळे ‘ड्रेस’ नावाची गंभीर ॲलर्जी होऊ शकते, असा इशारा कमिशनने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिला, आणि तो आलेल्या नोंदींच्या प्राथमिक विश्लेषणावरून. ही ॲलर्जी औषध सुरू केल्यावर साधारण दोन ते आठ आठवड्यांनी दिसते. तोवर गोळी घेतल्याचे रुग्ण विसरलेलाही असतो.

नेहमीच एवढे गंभीर काही नसते. मुळशीकडच्या एक आजी रक्तदाबाच्या एनालाप्रिलबरोबर दर महिन्याला खोकल्याची बाटली न्यायच्या. विचारले, तर खोकला गोळीपाठोपाठच लागलेला. डॉक्टरांनी गोळी बदलली, खोकला थांबला. ‘हे तर पुस्तकातच आहे, कळवायचे कशाला?’ असे ते म्हणाले. पुस्तकात आहे, हे खरे; पण आपल्याकडच्या किती जणांना हा खोकला होतो, ते नोंदींशिवाय कसे कळणार? मी फॉर्म भरायला घेतला. खोकला केव्हा सुरू झाला, यावर आजी म्हणाल्या, ‘पालख्या पुण्यातनं गेल्या, त्याच्या दुसऱ्या आठवड्यात.’ मी कॅलेंडर काढले.