ताईची मिश्री आणि ताईचे कान

ताईला फेसलिफ्ट, म्हणजे ओघळलेला चेहरा उचलून बसवायची शस्त्रक्रिया, करून घ्यायचं होतं. वय 62, शाळेतून निवृत्त, राहायला सदाशिव पेठेत. "आता या वयात कशाला?" असं मी पटकन बोलून गेले, त्याची टोचणी अजून आहे. ती शांतपणे म्हणाली, "भेटेल तो विचारतो, बरं नाही का गं? मी ठणठणीत आहे. आरशातली बाई तेवढी कायम दमलेली दिसते." मग मी तिच्याबरोबर जायचं ठरवलं.

पहिल्या ठिकाणी डॉक्टरांच्या आधी एक बाई भेटल्या. फोटो दाखवले, आणि या आठवड्यात पैसे भरलेत तर सवलत म्हणाल्या. शस्त्रक्रिया करणार कोण, तर "आमची टीम". आम्ही उठलो.

दुसरे सर्जन जनरल सर्जरीनंतर प्लास्टिक सर्जरीत एमसीएच ही वरची पदवी घेतलेले. त्यांनी कागदावर कान काढला. काप कानशिलाच्या केसांतून सुरू होतो, कानापुढून उतरतो, पाळीला वळसा घालून कानामागून मानेवरच्या केसांत जातो. नुसती कातडी ओढली तर चेहरा ताणलेला दिसतो आणि ते फार टिकतही नाही. कातडीखाली स्मास नावाचा थर असतो, मिट्झ आणि पेरोनी या फ्रेंच सर्जननी 1976 मध्ये वर्णन केलेला. उचलायचा तो थर. कातडी वरून अलगद बसवायची. ओघळलेली गालफडं, जबड्याची कड आणि गळा यांना फरक पडतो. कपाळावरच्या आठ्या, डोळ्यांखालच्या पिशव्या, वांग तसेच राहतात. चेहरा हलवणारी नस, म्हणजे मज्जातंतू, इथूनच जाते, तिला इजा झाली तर ओठाची एक बाजू लुळी पडू शकते, बहुतेकदा तात्पुरती, क्वचित कायमची, हेही त्यांनी न विचारता सांगितलं. माझा विश्वास बसला तो तिथे.

मग त्यांनी विचारलं, "सिगारेट, तंबाखू?" ताई म्हणाली, "छे!" मी तिच्याकडे बघत राहिले. रोज सकाळी मोरीपाशी उभी राहून ती मिश्री लावते, गेली चाळीस वर्षं. "ताई, मिश्री सांग." ती लाजेनं लाल झाली. डॉक्टर मात्र रागावले नाहीत. त्यांनी कावसजीची गोष्ट सांगितली. टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेला हा गाडीवान. त्याचं नवं नाक कपाळाची कातडी वळवून इथे पुण्याजवळच बसवलं गेलं आणि 1794 मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिननं ती हकीकत छापली. ती कातडी जगली, कारण एका बाजूनं जोडलेली ठेवल्यामुळे तिचा रक्तपुरवठा चालू राहिला. फेसलिफ्टमध्येही सुटी केलेली कातडी अशीच बारीक रक्तवाहिन्यांवर जगते. निकोटिनमुळे त्या आक्रसतात आणि कानामागची कातडी काळी पडून मरू शकते. मिश्रीसुद्धा तंबाखूच. ताईनं डबी त्याच दिवशी टाकली, आणि पुढची तारीख दीड महिन्यानंतरची मिळाली. ॲस्पिरिनची गोळी चालू होती, ती थांबवायची की नाही हे तिच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरलं. आपल्या मनानं काही बंद करू नका, आणि काही लपवूही नका, अगदी आयुर्वेदिक काढासुद्धा.

विमा यातलं काही देत नाही, वर 18 टक्के जीएसटी लागतो. ताईनं निवृत्तीच्या पैशातून भरले.

शस्त्रक्रिया चार तास चालली. खरी काळजी पहिल्या रात्रीची. रक्तदाब चढला की कातडीखाली रक्त साठण्याचा धोका असतो. एकच गाल अचानक टम्म फुगून ठणकायला लागला तर तत्क्षणी हाक मारा, असं मला बजावलं होतं. मी रात्रभर दोन्ही गाल ताडून बघत बसले. म्हणून सांगते, रात्री डॉक्टर हजर असतील अशाच ठिकाणी करा, आणि सोबत जागं राहणारं माणूस न्या.

तिसऱ्या दिवशी चेहरा सुजून जांभळा झाला, आणि आरसा बघून ताई रडली. मी तो आरसा कपाटात ठेवून दिला. डोक्याखाली उंच उशी, खाली वाकायचं नाही, मऊ भात-वरण. टाके आठवड्याभरात निघाले, पण लोकांत जायला तिला तीन आठवडे लागले.

कानाच्या पाळ्या मात्र बधिर. असं होतं, म्हणे, बहुतेकांचं ओसरतं. मोत्याच्या कुड्या घालायला परवानगी मिळाली तेव्हाही फिरकी कुठे लागतेय ते तिला कळेना, मीच लावून द्यायचे. चार महिन्यांनी तुळशीबागेत एका दुकानात ती कानातलं लावून बघत होती, आणि एकदम माझा हात धरून म्हणाली, "अगं, टोचलं!"