पत्रात काय नसेल, हे आधीच का सांगतो?

द्राक्ष बागायतदारांसाठी मी ई-मेलने जे वार्तापत्र पाठवतो, त्याच्या नावनोंदणीच्या अर्जावर पत्रात काय मिळणार नाही हेही स्पष्ट लिहिलेले असते. ‘ते वाचून लोक माघारी फिरतात, मग लिहिता कशाला?’ असे तासगावात भेटणारे अनेकजण मला विचारतात.

अर्जावरचा मजकूर थोडक्यात असा आहे: ऑक्टोबर छाटणीपासून माल उतरेपर्यंत आठवड्याला एक पत्र येईल आणि खरड छाटणीनंतर, म्हणजे माल उतरल्यावर होणाऱ्या छाटणीनंतर, महिन्याला एक. बेदाण्याचे दर सौदे झाल्यानंतरचे असतील, पुढच्या दरांचा अंदाज नसेल. औषध किंवा खत कंपनीने पैसे दिलेल्या मजकुरावर ‘जाहिरात’ असे ठळक लिहिलेले असेल. फवारणीचे वेळापत्रक मिळणार नाही.

शेवटचे वाक्य सर्वांत जास्त लोकांना परत पाठवते, आणि तेच मला सर्वांत आवश्यक वाटते. एकाच गावात दोन बागांच्या छाटणीत पंधरा-पंधरा दिवसांचे अंतर असते. एक बाग पोंग्यात, म्हणजे डोळे फुटण्याच्या अवस्थेत असते, तर दुसरी फुलोऱ्यात. वेळापत्रक मिळेल या समजुतीने कोणी नाव नोंदवले आणि पाऊस लागून पाने ओली राहिलेल्या दिवशी तो माझ्या पत्राची वाट पाहत बसला, तर ओल्या पानांवर पसरणारा दावण्या रोग त्याच्यासाठी थांबत नाही. निर्यातीच्या मालाचे तर आणखी कठीण. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडल्यामुळे भारतीय द्राक्षे युरोपात अडकली, तेव्हा बागेतल्या एका निर्णयाची किंमत किती मोठी असते हे या भागाने पाहिले. म्हणून बाग न पाहता औषध सांगणे मला मान्य नाही आणि ते सांगेन अशी आशा लावून ठेवणेही मान्य नाही.

छापील नियतकालिके मार्चच्या सुमारास ‘फॉर्म ४’ या मथळ्याखाली मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि मालक यांची नावे वर्षानुवर्षे छापत आली आहेत. अंक कोणाच्या पैशावर चालतो हे जाणून घेण्याचा वाचकाचा हक्क त्यात गृहीत धरलेला आहे, आणि ई-मेलच्या वाचकाचा हक्क त्याहून कमी आहे असे मी मानत नाही. वैयक्तिक डेटाच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेला कायदाही माहिती कोणत्या हेतूसाठी हवी ते संमती मागतानाच सांगायला लावतो, आणि संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे असे म्हणतो. त्यामुळे नाव काढण्याचा दुवा माझ्या प्रत्येक पत्रात अगदी वरच असतो.

हळदीच्या सौद्यांवरही लिहा, असा आग्रह सांगलीचे काही वाचक करत आहेत आणि तसे पत्र सुरू करण्याचा माझा विचार पक्का आहे. मात्र द्राक्षांसाठी दिलेले पत्ते मी त्यासाठी वापरणार नाही. ज्यांना हळदीचे पत्र हवे असेल, त्यांनी त्याचा अर्ज वाचून नव्याने नाव नोंदवावे.